कागद आडवा धरा!

माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली. ‘उभी’ हा शब्द मी अगदी अक्षरशः वापरतो आहे. चौतीस वर्षांत मी कागद कधी आडवा धरला नाही. कागद उभा, डावीकडे समास, वर विषय, त्याखाली संदर्भ, मग परिच्छेद एक, दोन, तीन आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. २०१४ साली निवृत्त झालो, तरी अजून किराण्याची यादी केली की तिच्याखाली सही करायला हात शिवशिवतो.

अशा माणसावर आपल्या थोरल्या भावाबद्दल भाषण करायची पाळी आली. दादाला यंदा पंचाहत्तर पूर्ण व्हायची होती. दादा आमच्या गावच्या शाळेत मास्तर होता, त्यामुळे निम्मा गाव त्याचा विद्यार्थी आणि उरलेला निम्मा त्या विद्यार्थ्यांचा बाप. त्यांनी सत्कार ठरवला आणि मला न विचारता पत्रिकेत छापूनही टाकले, ‘धाकट्या बंधूंचे दोन शब्द’. मी ताबडतोब मसुदा केला. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव व उपकार, शुभेच्छा. पाच परिच्छेद. घरात मोठ्याने वाचून दाखवला. वाचन संपल्यावर ही थोडा वेळ गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, “अहो, दादा बरे आहेत ना?”

“बाबा, तुम्ही माइंड मॅप करा,” आमची कन्या म्हणाली. ती नुकतीच ऑफिसचे दोन दिवसांचे कसलेसे शिबिर करून आली होती. तिने माझ्यापुढे एक कोरा कागद आणि स्केचपेनांचा डबा ठेवला. मी सवयीने कागद उभा केला. तिने आडवा केला. मी उभा केला. “बाबा, आडवा! फांद्या दोन्ही बाजूंना पसरायच्या असतात!”

तर ही फांद्यांची विद्या अशी. टोनी बुझान नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९७४ साली बीबीसीवरच्या ‘यूज युवर हेड’ या मालिकेतून ती लोकांपुढे मांडली. कागदाच्या मध्यभागी विषयाचे चित्र काढायचे, निदान तीन रंगांत. त्यातून मुख्य मुद्द्यांच्या जाड फांद्या, त्यांना बारीक डहाळ्या. रेघा सरळ नकोत, वळणदार हव्यात. मन काही यादीसारखे वरून खाली पायऱ्या उतरत नाही, ते एका आठवणीवरून चहूकडे उड्या मारते, तेव्हा कागदावरही त्याला तसेच मारू द्यावे, हे त्यामागचे तत्त्व. झाडासारख्या आकृत्या लोक आधीही काढत होतेच. डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत जीवसृष्टीचे असेच एक झाड खरडून ठेवले आहे. पण बुझानसाहेबांनी त्याला नियम लावले, आणि त्यातला एक नियम वाचून मी हबकलो. प्रत्येक फांदीवर एकच शब्द!

एकच? अहो, साधे ‘नाही’ म्हणायला ‘सदर प्रकरणी सद्यःस्थितीत अनुकूल विचार करणे शक्य होणार नाही’ असे लिहिण्यात माझा जन्म गेला! साहेब २०१९ साली वारले, नाहीतर मी त्यांना याबाबत रीतसर खुलासा विचारला असता.

“यात नवीन ते काय?” हिने विचारले. आणि मला एकदम साक्षात्कार झाला. हिला नुसते “साखर आहे का?” एवढे विचारा. ही साखरेवरून लाडवांवर जाते, लाडवांवरून माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणावर, तिथून त्या दिवशी नाहीशा झालेल्या पितळी परातीवर, परातीवरून शेजारच्या काकूंवर, आणि मग “संपलीये!” या एका शब्दावर येऊन थांबते. चाळीस वर्षे मी याला पाल्हाळ म्हणत आलो. आज कन्या सांगत होती की याला शास्त्राधार आहे. शिवाय खरे सांगायचे तर ती परात पुढे काकूंकडेच सापडली होती. माझ्या याद्यांतून आजवर काहीही सापडलेले नाही.

मी निमूटपणे कागद आडवा धरला. मध्यभागी दादाचे चित्र काढले. तो भोपळा झाला. ओळख पटावी म्हणून चष्मा काढला, तेव्हा चष्मा लावलेला भोपळा झाला. मग फांद्या काढल्या. शाळा, घर, खोड्या, शिक्षण. पहिली पाच मिनिटे हात चालेना. मग ‘खोड्या’ला पतंग फुटला, पतंगाला विहीर फुटली, आणि बघता बघता त्या कागदावर पारंब्या लोंबू लागल्या.

खोड्यांच्या फांदीवर मी एक शब्द लिहिला, ‘चष्मा’. एका वर्षी दादाच्या चष्म्याची काडी मोडली होती. तो दोरा कानाला गुंडाळून वर्गावर जायचा. मी कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो, आणि त्याला ‘दोरामास्तर’ हे नाव मीच ठेवले. गावभर झाले ते. शिक्षणाच्या फांदीवर अर्थातच ‘फी’ होती. १९७२ चा दुष्काळ, शेतात काही नाही, आणि १९७३ च्या जूनमध्ये माझी कॉलेजची फी दादाने भरली. यात मला काही नवे नव्हते. परिच्छेद चारमध्ये त्याची मी योग्य ती नोंद घेतलीच होती.

“आता शेवटचा नियम,” कन्या म्हणाली. “लांबच्या दोन फांद्यांचा संबंध दिसला, तर बाण काढायचा. बघा कुठे दिसतो का.”

मी बघत बसलो. कॉलेजातली माझी पहिली दिवाळी म्हणजे १९७३ ची. ‘चष्मा’ कागदाच्या या टोकाला, ‘फी’ त्या टोकाला. पन्नास वर्षांहून अधिक काळ दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या. पण एक गमतींच्या फायलीत आणि दुसरी उपकारांच्या. दोन्ही फायली एकाच वेळी टेबलावर कधी आल्याच नव्हत्या. मी निळे स्केचपेन उचलले आणि इकडून तिकडे बाण काढला. हात जरा हलला. त्यामुळे रेघ नियमाप्रमाणे वळणदार आली.

कन्येचे समाधान एवढ्यावर झाले नाही. “आता हा कागद पालथा घाला आणि कोऱ्या कागदावर आठवून काढा.” २०११ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या दोघांनी म्हणे एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी पाठ समोर ठेवून असेच, म्हणजे याच जातीचे, संकल्पनांचे नकाशे काढले. काहींनी पाठ बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘पुस्तक मीट आणि म्हणून दाखव’ हे दादा आयुष्यभर हातात छडी घेऊन सांगत होता, त्याला कुणी विद्यापीठ दिले नाही. मी तीनदा काढले. तिन्ही वेळा भोपळा अधिकाधिक दादासारखा होत गेला.

सत्काराच्या दिवशी माइकपुढे उभा राहिलो, कागद उघडला आणि लक्षात आले की माझा चष्मा घरी राहिला आहे. कागदावर नुसती रंगपंचमी. घाम फुटला. पण डोळे मिटले तर सगळे झाड समोर! पतंग आला, विहीर आली. ‘दोरामास्तर’ म्हणताच सभागृह खो खो हसले. मग मी बाणावरून पलीकडे गेलो. कुणीच हसेना. शुभेच्छांचा परिच्छेद राहूनच गेला.

रात्री जेवणे झाल्यावर दादा म्हणाला, “तो कागद दाखव बघू.” त्याने चष्मा सारखा केला. “हा भोपळा कोण?”

“तू.”

“हं.” बराच वेळ बघत होता. मग बाणावर बोट ठेवून म्हणाला, “मूर्खा, काही संबंध नाही. दुकानात जायला वेळ झाला नव्हता, एवढंच.”

“वर्षभर?”

दादाने उत्तर दिले नाही. खिशातून तांबडे पेन काढले. मास्तरांच्या खिशात ते निवृत्तीनंतरही असते. “एक शब्द लिहायचा, त्यातही चूक! ‘फी’ दीर्घ असते.” त्याने माझी पहिली वेलांटी खोडून दुसरी केली आणि कागदाची नीट घडी घालून तो स्वतःच्या खिशात ठेवला.

बाण मात्र त्याने खोडला नाही.