तुला असं का वाटलं?

फळ्यावर चार संख्या लिहिल्या होत्या: 2.5, 2.45, 2.405 आणि 2.054. यांतली सर्वांत मोठी कोणती? पाचवीच्या बावीस मुलांपैकी तेरा जणांनी 2.405 सांगितली. पाच, पंचेचाळीस, चारशे पाच, चोपन्न. त्यांत चारशे पाच मोठे. एका मुलानं मात्र माझं बोलणं पुरं व्हायच्या आत 2.5 म्हणून टाकलं. मी विचारलं, "तुला असं का वाटलं?"

"बाई, दोन पॉइंट चारशे पाच म्हणजे दोन टन चारशे पाच किलो. अडीच टन म्हणजे दोन टन पाचशे किलो. काट्यावरची पावती आईला मीच वाचून दाखवतो."

त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. आदल्या वर्षीचा अख्खा हंगाम त्यानं कारखान्याजवळच्या कोपीवर काढला होता. माझ्या वर्गात दशांश अपूर्णांकाचा धडा सुरू होता तेव्हा तो टायरगाडीवर बसून वजनकाट्याच्या रांगेत होता, आणि धडा त्यालाच आला होता. त्या दिवसापासून मी दशांश काट्याच्या पावतीवरून शिकवते. मुलं घरून जुन्या पावत्या आणतात. टन, किलो आणि टिंब एकाच ओळीत समोर असले की चारशे पाचची चूक फार दिवस टिकत नाही.

बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नवोदयच्या परीक्षेसाठी मुलं तयार करते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना निवासी शिक्षण मिळावं म्हणून केंद्र सरकारनं 1985-86 मध्ये नवोदय विद्यालयं काढली. पहिल्या दोनांतलं एक हरियाणात झज्जरला निघालं आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आता देशभरात ती साडेसहाशेच्या वर आहेत. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा होते. एका विद्यालयात जास्तीत जास्त ऐंशी मुलं घेतात, त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पेपरातही ऐंशीच प्रश्न: मानसिक क्षमतेचे चाळीस, अंकगणिताचे वीस, भाषेचे वीस. वेळ दोन तास, गुण शंभर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. शेवटचा नियम मी वर्गात मोठ्यानं सांगत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर तो का ठेवायचा?

सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांसारखीच शिकवत होते. बाजारातून मार्गदर्शक आणायची, रोज एक सराव पेपर द्यायची, संध्याकाळी उत्तरं तपासून गुण फळ्यावर लिहायची. मुलांचे गुण थोडे वाढायचे आणि मग तिथंच अडायचे. ज्याला पंचावन्न मिळत त्याला महिनाभरानंही पंचावन्नच. चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मी सांगत होते; मूल चुकलं कुठं, हे मला माहीतच नव्हतं.

चार पर्यायांतला एक बरोबर असतो. उरलेले तीन मात्र उगाच मांडलेले नसतात. मुलं जिथं घसरतात तिथंच ते ठेवलेले असतात. 6 + 4 × 3 या उदाहरणात 18 बरोबर, पण 30 हा पर्याय असणारच, कारण डावीकडून वाचत गेलेलं मूल आधी बेरीज करतं आणि 30 वर पोचतं. ½ + ¼ मध्ये 2/6 असणारच, कारण वरच्यात वरचं आणि खालच्यात खालचं मिळवायचा मोह होतो. त्यामुळे चुकीचा पर्याय निवडलेलं मूल मला त्याच्या डोक्यातली वाट दाखवत असतं. ती वाट पुसायची घाई केली की शिकवणं तिथंच संपतं.

2/6 म्हणणाऱ्या मुलीला मी विचारलं, "दुकानात अर्धा किलो साखर घेतली, मग वर पाव किलो घेतली. किती झाली?" ती लगेच म्हणाली, "पाऊण." तिला ते येतच होतं. तिच्या आजीच्या तोंडात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सगळे अपूर्णांक दिवसभर असतात. वहीतला ½ आणि आजीचा अर्धा एकच आहे, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी माध्यमाची मुलं गणितात कच्ची असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बाजारच्या दिवशी यावं.

म्हणून आमच्याकडे आता चुकांची वही असते. कोणता पर्याय निवडला, असं का वाटलं, आता काय वाटतं, असे तीन रकाने. मधला रकाना भरायला मुलं फार टाळाटाळ करतात. "असंच" हे उत्तर मी पहिल्या आठवड्यात चालवून घेते, दुसऱ्या आठवड्यापासून नाही. लिहायला जमत नसेल त्यानं तोंडी सांगावं, मी लिहिते. एकदा कडुनिंबावरचा उतारा होता आणि पाला कशासाठी वापरतात असा प्रश्न होता. उताऱ्यात धान्याला कीड लागू नये म्हणून, असं स्पष्ट लिहिलेलं असताना चौघांनी 'जनावरांच्या खाद्यासाठी' निवडलं. मधल्या रकान्यात एकानं लिहिलं, 'आमची शेळी खाते.' तो खोटं बोलत नव्हता. उत्तर उताऱ्यातून द्यायचं असतं, आपल्या अंगणातून नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. मीही आधी कधी सांगितलं नव्हतं.

आकृत्यांचे प्रश्न हातानं शिकवावे लागतात. कागदाची घडी घालून भोक पाडलं, तर उघडल्यावर भोकं कुठं दिसतील? मार्गदर्शकात युक्त्या दिलेल्या असतात. आम्ही रद्दी घेतो आणि ऑफिसातलं पंचिंग मशीन आणतो. भोकं किती पडतील हे मुलं दोन दिवसांत सांगू लागतात, पण ती कुठं पडतील तिथं अडखळतात. मग मी उलटं करते: भोकं पडलेला उघडा कागद हातात देते आणि घडी शोधायला सांगते. पन्नासेक कागद फाडून झाले की मूल डोळे मिटून घडी उघडू शकतं. आरशातल्या प्रतिमेसाठी एक हातआरसा पुरतो. आपल्या नावाचं पहिलं अक्षर कागदावर काढायचं आणि आरसा आधी बाजूला, मग खाली धरून बघायचं.

एक चूक माझी आहे आणि ती मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. "येत नाही तो प्रश्न सोडा, पुढं चला," असं मी शिकवलं होतं. वर्गातल्या सर्वांत तयार मुलीनं तेविसावा प्रश्न सोडला आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्याच्या ओळीत रंगवलं. पुढचे सगळे गोल एक घर वर सरकले. वेळ संपत आल्यावर तिच्या लक्षात आलं. रंगवलेलं खोडता येत नाही. केंद्राबाहेर येऊन ती रडली नाही, मला म्हणाली, "बाई, तुम्ही प्रश्न सोडायला सांगितलं, गोल सोडायला नाही सांगितलं." तिचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सराव पेपरात दर पाच प्रश्नांनी पेन खाली ठेवायचा आणि प्रश्नाचा आकडा उत्तरपत्रिकेतल्या आकड्याशी बोटानं जुळवायचा. दोन तासांत त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

अर्ज पावसाळ्यात भरायचा असतो आणि परीक्षा हिवाळ्यात. आमच्या भागात या दोहोंच्या मध्ये ऊसतोडीचा कोयता येतो. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी दारात उभी राहते आणि अर्ज भरलेली मुलं गाडीत दिसतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरच्यांना थांबता येत नाही. गावात हंगामी वसतिगृह असेल किंवा आजी धडधाकट असेल तर मूल मागं राहतं. पावती वाचणारा तो मुलगा त्या वर्षी आजीपाशी राहिला. त्याच्या आईला समजावायला मी तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "बाई, तो नसला तर पावती कोण वाचणार?" मी तिला पावतीवरचे आकडे वाचायला शिकवले. आठ दिवस लागले.

तो नवोदयला लागला का, असं मला सगळे विचारतात. नाही लागला. त्या वर्षी आमच्या शाळेतून एकच मुलगी लागली. गावानं तिच्या फोटोचा फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं, कारण फ्लेक्सखालून तिच्याच वर्गातली एकवीस मुलं रोज शाळेत येणार होती. मुलं तयार करायची ती सगळी करायची. त्यांतली निवडायचं काम परीक्षेचं आहे, माझं नाही. म्हणून निकालानंतरही सकाळचा जादा तास बंद होत नाही आणि चुकांची वही उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालते.

तुमच्या ओळखीत कोयत्यावर जाणारं घर असेल आणि त्यातलं मूल पाचवीत असेल, तर यंदा अर्ज निघाले की त्याच्या घरी जा. अर्जाला पैसे लागत नाहीत. आणि दिवाळीच्या आधी परत एकदा जा.