डाव्या पेडलचे उलटे आटे

खोकं ॲपेतून खाली घ्यायला तीन माणसं लागली. मुलगा पुण्याला असतो. त्याने व्यायामाची सायकल मागवली, ती लातूरपर्यंत आली, आणि तिथून पुढचे वीसएक किलोमीटर ती रेणापूरला आणायचं काम माझ्याकडे आलं. शेजारची दोन पोरं आणि मी अशा तिघांनी मिळून ते ओसरीत ठेवलं. खोक्यावर वजन लिहिलं होतं चाळीस किलोच्या जवळपास. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की आत खेळणं नाही, यंत्र आहे.

सायकल का मागवली, ते आधी सांगतो. शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं. निवृत्तीनंतर उजवा गुडघा दुखायला लागला, मग डावाही. लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, आतली गादी झिजलीय. हालचाल बंद केली तर गुडघा आणखी आखडेल, आणि सगळा भार टाकून चढउतार केले तर आणखी दुखेल. सायकलवर शरीराचं वजन सीटवर राहतं, गुडघा भाराशिवाय वाकतो आणि सरळ होतो, मांडीचे स्नायू मजबूत होतात. चालणं मी सोडलं नव्हतं. पण गळीत हंगामात पहाटे फाट्याकडच्या रस्त्याने चालून बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागून येतात आणि कडेला पाय ठेवायला जागा उरत नाही. माझ्या पत्नीला तर तेही जमणारं नव्हतं. तिला अकरा वर्षांपासून शुगर आहे. डॉक्टर दर वेळी ‘चाला’ म्हणतात आणि ती दर वेळी ‘हो’ म्हणून घरी येते. गावात बाईमाणसाने पहाटे एकटीने कुठे आणि किती चालायचं, हे कोणी सांगत नाही.

खोकं उघडलं. मुख्य सांगाडा, त्याला आधीच बसवलेलं जड चाक, पुढचा-मागचा आडवा पाय, सीटची दांडी, सीट, हँडल, छोटा मीटर, दोन पेडलं, नटबोल्ट-वायसरची पिशवी, एक पाना आणि दोन एलन-की. पुस्तिका इंग्रजीत होती, बाकी चित्रं. मी विज्ञान शिकवलंय, त्यामुळे वाचायला अडलो नाही. पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात आयएसओ २०९५७ लिहिलेलं होतं आणि पुढे ‘एच’ हे अक्षर. अशा व्यायामयंत्रांचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. एच म्हणजे घरगुती वापराचं, एस म्हणजे जिममधलं, जिथे दिवसभर माणसं बदलत राहतात. वजनाची मर्यादाही लिहिलेली होती. ती मी वाचली, पत्नीला वाचून दाखवली.

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. जुनी आहे, दोन फरश्यांच्या सांध्यात बोटभर उंच-सखल झालीय. आडवे पाय बसवून सायकल उभी केली तर ती डुगडुगायला लागली. मी आधी खाली पुठ्ठ्याची घडी सारली, आणि ती माझी चूक होती. पुठ्ठा चालवताना सरकतो. पायांच्या टोकाला फिरवायच्या टोप्या असतात. त्या फिरवून प्रत्येक टोक हवं तेवढं वरखाली करता येतं, त्यासाठीच त्या दिलेल्या असतात. सायकल भिंतीपासून दोन हात पुढे ओढली, सांधा नसलेली फरशी निवडली, खाली रबराची चटई घातली, टोप्या फिरवल्या आणि डुगडुग थांबली. सीटची दांडी खाचेत घालताना त्यावर एक रेघ दिसली, शेजारी ‘मॅक्स’ असं कोरलेलं. ती रेघ बाहेर दिसेल इतकी दांडी वर ओढायची नाही. कारण मग आत धरणारा भाग फार थोडा उरतो आणि माणसाचं सगळं वजन त्या थोड्यावर येतं.

पेडलं शेवटी बसवायची होती, आणि तिथे माझा हात चुकला.

उजवं पेडल सहज बसलं. डावं घेतलं, घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं, पकडेना. मला वाटलं आट्यात रंग अडकलाय. पाना लावून दाबून फिरवलं, तरी पकडेना. मग दुसरीकडे फिरवून पाहिलं तर ते आत जायला लागलं, थोडं तिरकं, घट्ट घट्ट. आवाजही येत होता, लोखंडाला लोखंड खात असल्याचा. मी तो ऐकला आणि पान्यावर जोर दिला. पेडल बसलं. सुरुवातीचे आटे मी आधीच ओरबाडून ठेवलेत, हे मला कळलं नाही.

आठ दिवस सायकल छान चालली. नवव्या दिवशी सकाळी डाव्या पायाखाली काहीतरी हललं, आणि पुढच्याच फेरीत पेडल निखळून खाली पडलं. पाय त्याच्याबरोबर खाली गेला. पण चाक थांबलं नाही. ते जड चाक आणि पेडल ज्याला बसतं तो क्रँक एकमेकांना जोडलेले, त्यामुळे क्रँकचा उघडा दांडा फिरून वर आला आणि नडगीवर बसला. हँडल धरलेलं होतं म्हणून मी पडलो नाही. नडगीवर चार बोटांची जखम झाली, तिचा काळा डाग अजून आहे. पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आता ही या सायकलला कधी हात लावणार नाही.

गावात मामूंचं सायकलचं दुकान आहे. मी चौथीत असल्यापासून ते दुकान बघतोय. आता तिथे मोटारसायकलींचे पंक्चर जास्त निघतात, तरी मामूंचा हात सायकलीवरच बसलेला आहे. मी पेडल आणि पिशवी घेऊन लंगडत गेलो. ते म्हणाले, “काय करूलालात गुरुजी, हे काय झालं पायाला?” मी पेडल पुढे केलं. त्यांनी ते उन्हात धरून आट्यांवरून नख फिरवलं आणि पेडलच्या टोकाला कोरलेलं बारीक अक्षर दाखवलं: एल.

“डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, गुरुजी. सगळ्याच सायकलींचे. पाय मारता मारता ते आपोआप सैल पडू नये म्हणून.”

मी लहानपणापासून सायकल चालवली. लातूरला कॉलेजात असताना सुट्टीत सायकलने रेणापूरला यायचो. तरी पेडल कधी स्वतः बसवलं नव्हतं. मामूंनी मग एक खूण सांगितली, ती लक्षात ठेवायला सोपी आहे. सायकलच्या ज्या बाजूला पेडल बसवायचंय त्या बाजूला उभं राहायचं आणि पान्याचं वरचं टोक हँडलच्या दिशेने ढकलायचं. दोन्ही पेडलं तशीच आवळतात. काढताना उलट, सीटच्या दिशेने. आणि सुरुवात नेहमी बोटांनी करायची. तीन-चार फेरे बोटांनी गेले, तरच पाना लावायचा. बोटांनी जात नसेल तर काहीतरी तिरकं आहे, बाहेर काढून पुन्हा लावायचं.

मी त्यांना विचारलं, आटे परत पाडून हेच पेडल बसवता येईल का. त्यांनी मान हलवली. “आटे गेले. जबरदस्तीनं बसवलं तर पंधरा दिवसांनी परत निसटंल. डाव्या बाजूचा क्रँक आणि पेडल, दोन्ही नवं मागवा.” कंपनीला फोन केला, फोटो पाठवले. सुटे भाग यायला बारा दिवस लागले, तोवर सायकल चादर टाकून ठेवली. भाग आले तेव्हा मामू स्वतः घरी आले. त्यांनी पेडलच्या आट्यांना ग्रीसचा हात दिला, बोटांनी बसवलं, मग पाना मारला. चहा घेऊन गेले, पैसे घेतले नाहीत.

मुलाने नंतर फोनवर सांगितलं की असं फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत पेलोटन नावाच्या महागड्या सायकलींची पेडलं आस तुटून निखळायला लागली, म्हणून २०२० मध्ये सुमारे २७,००० सायकलींसाठी पेडलं परत मागवावी लागली. मग मे २०२३ मध्ये त्याच कंपनीला सीटची दांडी मोडते म्हणून वीस लाखांहून जास्त सायकलींना नवी दांडी द्यावी लागली. माझ्या बाबतीत चूक माझ्या हाताची होती, तिथे बनावटीची. पण माणूस ज्यावर भार टाकतो ते दोनच सांधे, पायाखालचा आणि बुडाखालचा, दोन्हीकडे तेच होते. आता मी दर रविवारी पाना घेऊन बसतो. पेडलं, क्रँकचे नट, सीटची दांडी, आडव्या पायांचे बोल्ट. नवी सायकल पहिल्या आठवड्यात सैल पडू शकते. आतले भाग आपापल्या जागी बसत असतात.

सीटच्या उंचीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गुडघेदुखीवाले तिथेच फसतात. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती. तिसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी जास्त दुखायला लागली. सीट खाली असली की गुडघा फार वाकतो आणि वाटीवर दाब येतो. नीट उंची अशी काढायची: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यात थोडासाच वाक उरतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा. पाय ताणून कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेलीय. माझी सीट चौथ्या भोकावर आहे, पत्नीची दुसऱ्या. आम्ही दांडीवर रंगाने खुणा केल्यात.

दुसरी गोष्ट थांबण्याची. रस्त्यावरच्या सायकलला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की पेडल थांबतं आणि सायकल पुढे जात राहते. आमच्या या सायकलला ते नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पाय त्याच्याबरोबर जाणार. एकदम थांबायचं असेल तर मधला गोल नॉब खाली दाबायचा, मग ब्रेक लागतो. चाक पूर्ण थांबेपर्यंत पाय काढायचा नाही. हे मी पत्नीकडून पेडलवर पाय न ठेवता, नुसतं बसवून दहा वेळा करून घेतलं.

नातू दिवाळीला आला तेव्हा तो पहिल्यांदा सायकलकडेच गेला. साडेतीन वर्षांचा आहे. फिरत्या चाकात आणि पट्ट्याच्या फटीत अशा वयाची बोटं जातात, आणि चाक बोटासाठी थांबत नाही. त्या दिवसापासून सायकल वापरून झाली की नॉब पूर्ण आवळून ठेवतो, म्हणजे चाक हलत नाही. आणि खोलीची कडी वर लावतो, त्याचा हात पोहोचत नाही तिथे. “आबा, सायकल,” म्हणत तो दाराशी रडला. मी त्याला बाहेर अंगणात त्याच्या तीनचाकीवर बसवलं, पण कडी काढली नाही.

पत्नीला सायकलवर बसवायला दीड महिना लागला. भीती होतीच, पण खरी अडचण साडीची होती. निऱ्या क्रँकला लागतात, पदर चाकाकडे लोंबतो. एकदा पदर चाकात ओढला गेला तर बाई हँडलवर आपटेल. मी म्हणालो, “साडी नेसून बसायचं नाही.” तिने सुनेची जुनी सलवार आणि माझा सदरा घातला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. दार आतून लावून घेतलं. त्या दिवशी तिने चार मिनिटं चालवली.

अनवाणी चालवायला मात्र मी साफ नकार दिला. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला फोड आला तरी कळत नाही आणि तो लवकर भरत नाही. घरात बूट घालायला तिचा विरोध. शेवटी तिच्यासाठी एक जोड नवा घेतला, जो बाहेर कधी वापरायचा नाही. तो सायकलशेजारीच असतो. उतरल्यावर ती तळवे बघते. हँडलजवळच्या कोनाड्यात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवलाय. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले की लगेच गोड खायचं. रिकाम्या पोटी ती बसत नाही. हे सगळं सुरू करण्याआधी आम्ही दोघांनीही डॉक्टरांना विचारलं होतं. माझी रक्तदाबाची गोळी नाडी वाढू देत नाही, म्हणून मीटरवरच्या नाडीच्या आकड्यावर मी विसंबत नाही. चालवताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग माझा. छातीत दाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर नॉब दाबायचा, उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. आम्ही तो एकदम करत नाही. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं चाक हलकं, शेवटची तीनही हलकी. वैशाखात लातूर भागात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी साडेपाचलाच बसायचं, खिडकी उघडून. वीज गेली तरी सायकल चालते, मीटरला दोन पेन्सिल सेल पुरतात. पण पंखा नसला की वेळ निम्मा करायचा.

पत्नी आता कधी कधी सलग बावीस मिनिटंही चालवते. तिची तीन महिन्यांची शुगर मागच्या तपासणीत खाली आलेली होती, डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. शेजारच्या दोघी जणी दुपारी येऊन सायकल बघून जातात. त्यांतल्या एकीने परवा विचारलं, “मला बसता येईल का, वहिनी?” पत्नीने आधी तिला पदर खोचायला नव्हे, साडी बदलायला लावली.

पुण्या-मुंबईहून आईवडिलांना अशी सायकल पाठवणाऱ्या लेकरांना माझी एक विनंती आहे. खोकं ज्या आठवड्यात पोहोचेल, त्या रविवारी गावी या. पेडलवरचं अक्षर आधी वाचा, बोटांनी बसवा, आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी दोन्ही बाजूंनी पाना मारून जा.