कारणावांचून एक रात्र

रात्र ही ईश्वरानें सर्वांकरितां सारखीच निर्माण केली असली, तरी आपल्या गांवांत तिचे दोन वाटे पडलेले दिसतात. जेवणें आटोपलीं कीं पुरुषमंडळी पारावर, चहाच्या दुकानीं किंवा कोणाच्या तरी ओट्यावर जमतात, कांद्याचे भाव, पाऊसपाणी, निवडणूक अशा गोष्टींत दहा-अकरा सहज वाजतात, आणि "कोठें गेला होतां?" असें त्यांस कोणी विचारीत नाहीं. स्त्रीला मात्र उंबरठ्याबाहेरची रात्र हवी असल्यास कारण दाखवावें लागतें. शेजारणीचें बाळंतपण, आजाऱ्याची शुश्रूषा, देवीचें जागरण, शेतावरचें काम, हीं कारणें मान्य होतात. केवळ आनंद हें कारण फारच थोड्या घरांत चालतें.

आपल्या आज्या-पणज्या चतुर होत्या. त्यांनीं आनंदाला व्रताचें वस्त्र नेसविलें. नवविवाहितेनें लग्नानंतर पांच वर्षें श्रावणांतील मंगळवारीं पूजावयाची मंगळागौर पाहा. पूजा सकाळीं होते. परंतु खरी मौज रात्रीच्या जागरणांत. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडें असे खेळ पहाटेपर्यंत रंगत. त्यांतील सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ तर मोठा अर्थपूर्ण. दिवसा जी सून मान वर करून बोलत नसे, ती त्या रात्रीं सर्वांदेखत खेळांतल्या सासूस चोख उत्तर देई, आणि खऱ्या सासवाही समोर बसून हंसत. हें सारें घराच्या भिंतींआड चाले. तरी तेवढे तास तिचे स्वतःचे असत.

गेल्या कोजागिरीस आम्हीं सात मैत्रिणींनीं याच वाटेवर एक पाऊल पुढें टाकून पाहिलें. आमच्यांतील एकीचा द्राक्षांचा मळा पिंपळगांव बसवंतच्या शिवेवर आहे. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडे बागांची छाटणी चाललेली असते. तिची बाग नुकतीच छाटली होती. मांडवावर पान म्हणून नव्हतें, आणि चांदणें तारांमधून थेट मातीवर उतरलें होतें. उत्तरेस सातमाळ्याच्या डोंगरांची काळी रेघ दिसत होती. त्याच पौर्णिमेस सप्तशृंगगडावर ठिकठिकाणच्या नद्यांचें पाणी घेऊन कावडी पोहोंचतात. आमच्यापैकीं एक म्हणाली, "गडावर जाते म्हणून सांगितलं असतं, तर घरी कुणी हूं की चूं केलं नसतं!" सर्वजणी हंसल्या; पण बोलणें खरें होतें. कोणी घरीं भिशीचें नांव सांगितलें होतें, कोणी भजनाचें, कोणी माहेरच्या पाहुणीचें. वयानें सर्वांत वडील जी, तिनें मात्र मुलाला व सुनेला इतकेंच सांगितलें होतें, "मला जायचंय, म्हणून जाते."

तीन दगडांची चूल मांडून दूध चढविलें. तें आटेपर्यंत शाळेंतल्या गोष्टी निघाल्या. वेलदोडे, चारोळी, केशर पडलें. पातेल्यांत चंद्र उतरला. पन्नाशी उलटलेल्या दोघींनीं फुगडी धरली, आणि चार गिरक्यांतच दम लागून त्या हंसत हंसत मातींत बसल्या. मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दूर महामार्गावरून आग्र्याकडे जाणाऱ्या मालमोटारींचे दिवे सरकत होते. तेव्हां मळ्याची धनीण हळूच म्हणाली, "वीस वर्षं झाली लग्नाला. रात्री या मळ्यात खूपदा आले मी. थंडी पडली की शेकोट्या पेटवायला, पहाटे पाणी सोडायला. नुसतं बसायला आज आले."

निफाड तालुक्यांतील कडाक्याच्या थंडीपासून घड वांचविण्यासाठीं काय काय करावें लागतें, हें येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. अंधार तोच, साप-विंचू तेच, वाटही तीच. कष्टाच्या रात्रीं या भीतीची आठवण कोणास होत नाहीं. मग नेमकी विसाव्याच्या रात्रींच ती कोठून येते?

कायद्याची कथाही विचार करण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांस सायंकाळीं ७ पासून सकाळीं ६ पर्यंत कारखान्यांत काम करण्यास सामान्यतः मनाई केली होती. महाराष्ट्रानें २०१५ सालीं त्यांत दुरुस्ती करून, संरक्षणाच्या अटी घालून, रात्रपाळीस वाट करून दिली. कामासाठीं रात्र मोकळी होण्यास इतकीं वर्षें लागलीं. विसाव्यासाठीं कायदा नको. घरच्यांच्या मनाची दुरुस्ती पुरे.

आईबापांची काळजी खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. रस्ते निर्जन असतात, दुष्ट माणसेंही असतात. परंतु त्यांच्या दुष्टपणाचा दंड मुलींनीं कां भरावा? १९७७ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांतील लीड्स व इतर शहरांतल्या स्त्रिया रात्रीं रस्त्यावर उतरल्या, तेव्हां त्यांचा हाच सवाल होता. खुनी मोकळा फिरत असतां घरांत बसण्याचा उपदेश स्त्रियांनाच कां?

आपल्या शाळेंतील मुलींस मत्तयाच्या शुभवर्तमानांतील, २५ व्या अध्यायांतला, दहा कुमारींचा दाखला ठाऊक आहे. दहाही जणी दिवे घेऊन रात्रीं बाहेर पडल्या होत्या. त्यांतील पांच शहाण्या व पांच मूर्ख ठरल्या, त्या जवळच्या तेलावरून. बाहेर पडल्याबद्दल तेथें कोणासही दोष दिलेला नाहीं. पालकांनीं काळजी वाहावी ती या तेलाची. सोबत कोण आहे, जागा कोणती, परत येण्याची व्यवस्था काय, हें अवश्य विचारावें; आणि हेंच आपल्या मुलासही विचारावें.

मुलींनो, आज तुमच्या मैत्रिणी तुमच्याच बाकावर बसतात. पुढें लग्नानें, नोकरीनें, संसारानें त्या पांगतील. मोठ्या झालांत म्हणजे वर्षांतून एखादी रात्र त्यांच्यासाठीं राखून ठेवा, आणि घरीं खरें तेंच सांगून निघा. कोजागिरीच्या मध्यरात्रीं लक्ष्मी "कोण जागें आहे?" असें विचारीत फिरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. "कां जागी आहेस?" असें ती कोणासही विचारीत नाहीं.