न टाकलेले पोस्टकार्ड

2025 सालच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आकाशकंदिलाची झिरमिळी नीट कापावी म्हणून मी कात्री शोधत टेबलाचा खण उपसला. कात्री काही सापडली नाही. सापडले एक पोस्टकार्ड. पत्ता लिहिलेले, मजकूर लिहिलेले, आणि पेटीत कधीच न पडलेले. पन्नास पैशांची ती वस्तू. पण हातात घेताच चोरी पकडली गेल्यासारखे मला झाले.

त्याची हकीकत अशी. मी पनवेलात एका लहानशा शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. कॉलेजची पायरी चढण्याचा योग काही आला नाही. अशा माणसाने वर्गात जरा जपून बोलावे. पण सात-आठ वर्षांपूर्वी एकदा माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. चंद्र पूर्ण होतो आणि समुद्र त्याला भेटायला धावतो, असे पौर्णिमेच्या उधाणाचे रसभरीत वर्णन मी केले. वर्ग चित्रासारखा स्तब्ध. तेवढ्यात कोळीवाड्यातला एक मुलगा उभा राहिला.

"सर, मग अवसेला पाण्याला कोण ओढतं? तेव्हा तर चांद नसतोच. आणि आमचा आजा म्हणतो, अवसेचं उधाण पण तेवढंच मोठं."

आजा खरे बोलत होता. खाडीकाठी राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मला उत्तर येत नव्हते. "येत नाही", एवढे दोनच शब्द उच्चारायचे होते. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं आधी पाठ कर!" वर्ग हसला. मुलगा खाली बसला. वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा हात वर केला नाही.

त्याच सुमारास डॉ. जयंत नारळीकरांची एक गोष्ट माझ्या कानी आली. मुले सही मागायला आली, की ते म्हणत, सही मिळणार नाही; पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून त्याखाली सही करीन. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा आणि 1988 साली पुण्यात 'आयुका' उभी करणारा हा माणूस पोरांच्या कार्डांना उत्तरे लिहीत बसे! मी तडक पोस्टातून कार्ड आणले. प्रश्न लिहिला. शुद्धलेखन दोनदा तपासले. मग मनात आले, पस्तिशी उलटलेला मास्तर भरतीओहोटी विचारतो, हे वाचून ते काय म्हणतील? कार्ड खणात गेले.

नारळीकरांनी मराठीत पहिली विज्ञानकथा लिहिली ती 1974 साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी. ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. अक्षर ओळखीचे निघू नये म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या हाताने उतरवून काढली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. त्यांनी नाव लपवले ते नावाचा टेकू नको म्हणून. मी लपवले ते अब्रू जाईल म्हणून. संशोधकांची विद्या लोकांपर्यंत पोचत नाही, अशी आपण ओरड करतो. इथे विद्वानाने दार उघडे ठेवले होते. उंबऱ्यावर आडवा बसलो होतो तो मी.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. त्यानंतर मी पुस्तके धुंडाळली. उत्तर मुळीच अवघड नव्हते. अमावास्येला चंद्र नाहीसा होत नाही. त्याची उजळलेली बाजू तेवढी आपल्याकडे नसते. त्या दिवशी सूर्य आणि चंद्र एकाच बाजूला, एका रेषेत येतात. समुद्रावर सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. पण दोघांचे जोर मिळाले की उधाण. पौर्णिमेला पृथ्वी दोघांच्या मध्ये असते, तरी रेषा एकच. अष्टमीला दोघे काटकोनात ओढतात, म्हणून भांगाची भरती.

कंदील तसाच ठेवून, फराळाची पिशवी घेऊन मी कोळीवाड्यात गेलो. तो मुलगा आता बापाबरोबर होडीवर जातो. मी म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर होता. मलाच उत्तर येत नव्हतं." मग उत्तर सांगितले. तो मन लावून ऐकत होता. खाडीकडे पाहून म्हणाला, "पटलं, सर. पण चांद पाणी आपल्याकडे ओढतो, तर भरती दिवसातून दोनदा कशी? दुसरी कोण आणतं?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, "मला येत नाही रे. विचारू या."

मराठी विज्ञान परिषद 1966 सालापासून अशाच कामासाठी आहे, आणि तिचे चुनाभट्टीचे स्टेशन आमच्याच हार्बर मार्गावर. पाडवा आणि भाऊबीज पार पडल्यावर मी नवे कार्ड आणले. प्रश्न त्याने लिहिला. खाली दोघांनी सह्या केल्या. या खेपेला कार्ड पेटीत टाकायला मी त्यालाच पाठवले.