पेटी आणि मनगट

दौंडला नात पेटी शिकते. मनगटातून कळ येते म्हणाली, तर क्लासमधलं उत्तर, "रियाज वाढव, हात बसेल." मला नाही हो पटत.

अनामिका शेजारच्या बोटांना आतून बांधलेली असते. कितीही घोटलं तरी पूर्ण मोकळी होत नाही. जर्मनीच्या शूमानने पियानोसाठी बोटांना ताण देणारं साधन वापरलं. १८३२च्या सुमारास उजव्या हाताचं मधलं बोट कामातून गेलं, अन् पियानोवादक व्हायचं राहिलं. (मोठा संगीतकार झाला, ते वेगळं!)

शाळेत पेन्सिल आवळून धरणाऱ्या पोराची मी आधी बोटं सैल करायचो, मग पुस्ती.

सुट्टीत ती शिरूरला आली तेव्हा बसायला चादरीची जाड घडी दिली. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं, मनगट सरळ झालं. पंधरा मिनिटांनी थांबायचं, हेही ठरलं. क्लासला घडी न्यायला मात्र लाजते. रविवारी मीच दौंडला जातोय.