बारावा गडी

मी इंदूरचा, रामबागेत वाढलो. वय 74, बँकेतून निवृत्त.

क्रिकेटचं वेड वडिलांकडून आलं. ते होळकर संघाचे भक्त. 1945-46 च्या रणजीत होळकरांनी म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावा केल्या, एका डावात सहा जणांची शतकं! भंडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर, प्रताप सिंह. वडील ही नावं स्तोत्रासारखी म्हणायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "एकट्या सी. के. वर संघ नव्हता रे!"

पुढे होळकर संघ गेला, मध्य प्रदेशचा आला. आमच्या पिढीने फक्त वाट बघितली. एप्रिल 1999 ची बेंगळुरूची फायनल आठवते? कर्नाटकवर पहिल्या डावात 75 ची आघाडी. सामना नुसता वाचवला असता तरी करंडक आपला. शेवटच्या दिवशी सगळे 150 मध्ये बाद, 96 धावांनी हरलो. कर्णधार होते चंद्रकांत पंडित. मी केबिनमध्ये ट्रान्झिस्टर बंद केला आणि फायलींत डोकं घातलं.

त्याच वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे रजा. परत आलो तर कर्जाच्या फायलींचा ढीग तसाच. कुणाला काही माहीतच नव्हतं, कारण सगळं मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. शाखेत एक हुशार मुलगा होता. चार वर्षं मागे लागला होता, "साहेब, मला कर्जाचं काम शिकवा." मी त्याला कॅशवरून हलवलं नाही. कॅशला चोख होता ना! शेवटी तो बदली मागून गेला. गंमत म्हणजे कॉलेजच्या टीममध्ये मी स्वतः दोन सीझन बारावा गडी होतो. पाणी नेलं, बॅट हातात आली नाही. बाकावर बसणं काय असतं हे मला ठाऊक होतं, तरीही मी तेच केलं.

मग जून 2022. पुन्हा बेंगळुरू, पुन्हा पंडित, यावेळी प्रशिक्षक म्हणून. समोर मुंबई. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर गेलेले. मी मनात म्हटलं, झालं, आटोपलं. मुंबईने 374 केल्या. पण यश दुबे 133, शुभम शर्मा 116, रजत पाटीदार 122, आपल्या 536! गोलंदाजीत गौरव यादव, कुमार कार्तिकेय. दोन मोठी नावं नसताना संघाला काही कमी पडलं नाही. 26 जूनला सहा गडी राखून जिंकलो, मध्य प्रदेशचा पहिला रणजी करंडक.

टीव्हीसमोर डोळे भरून आले. वडील हवे होते. खोली म्हणतात ती हीच. बाकावर माणसं बसवून ती येत नाही, त्यांना वेळेवर खेळवावं लागतं.

त्या संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याकडून नंबर घेऊन त्या मुलाला फोन केला. आता तो मॅनेजर. आधी मॅचबद्दल भरपूर बोललो, मग धीर करून माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या साहेब. पण मी माझ्या शाखेत दर सहा महिन्यांनी सगळ्यांची टेबलं बदलतो."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून होतो.