कधी वाजते?

स्तोत्र 139 च्या शेवटी स्तोत्रकर्ता आपल्या दोषांची यादी वाचत नाही. मनाची झडती घ्यायला तो देवालाच बोलावतो. याचा अर्थ मला आमच्या पॅरिशच्या जुन्या फोर-व्हील जीपने उलगडून दिला.

दर पहिल्या शुक्रवारी याच जीपने फादर जांबोटीकडच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेल्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातात. तिकडे दुसरी गाडी चढत नाही. अलीकडे 40 च्या वेगाला जीप थरथरू लागली, आणि क्लच सोडला की खालून ‘टक्’. कुणी म्हणे इंजिनचे फाउंडेशन, कुणी क्लच प्लेट.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. “कधी वाजते?” एवढेच विचारले. सपाट मोकळ्या रस्त्यावर चालत्या गाडीत गिअर न्यूट्रल करायला लावला. इंजिन मंदावले, थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात! मग इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, त्यांनी खालचा प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट हलवला. मागचा क्रॉस ढिला. (हो, त्या चार टोकांच्या भागाचे नावच क्रॉस.) आतले ग्रीस आटले होते आणि बेअरिंगच्या सुयांची लाल भुकटी झाली होती.

पापनिवेदनाआधी आपण ‘मला राग येतो’ एवढेच धरून बसतो. पण कधी येतो? अंगावर भार पडतो तेव्हा, की एकाच माणसासमोर? सगळे शांत झाल्यावरही आत काही थरथरते का?

नवा क्रॉस बसला आहे. शुक्रवारी निघतो आहोत. वस्तीवरच्या दोघी आजींना प्रार्थनेत आठवा.